कपात मावणारं कुत्रं आणि इतर पेशंट

जनावरांच्या डॉक्टरकडे औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. माझा दवाखाना पेणमध्ये. आठवड्यातून एकदा रोह्यालाही बसते. शिकले गाई-म्हशींसाठी, पण हल्ली टेबलावर येतात ती पर्समध्ये मावणारी कुत्री. ती बिचारी गप्प असतात. बोलतात ते मालक!

*

धाटावच्या एका कंपनीतल्या साहेबांनी 'टीकप' पॉमेरियन घेतलं. म्हणजे चहाच्या कपात मावणारं. विकणाऱ्याने कपात बसवलेल्या पिल्लाचा फोटोही पाठवला होता. दिवाळीपर्यंत त्याचा चांगला दांडगा कुत्रा झाला.

"मॅडम, ह्याची वाढ थांबवायचं इंजेक्शन द्या."

"असं इंजेक्शन नसतं, साहेब. आणि हा पॉमेरियनही नाही. आपला गावठीच आहे. तब्येत मात्र फर्स्टक्लास!"

साहेबांनी दाराकडे पाहिलं. "हळू बोला ना! सोसायटीत इम्पोर्टेड सांगितलंय."

*

मे महिन्यात रोह्याच्या एक वहिनी शिह त्झूला स्वेटर घालून आल्या. कुत्रं धापा टाकत होतं, डोळे फिरले होते. मी आधी स्वेटर ओढून काढला, त्याला ओल्या टॉवेलात गुंडाळून पंख्याखाली धरलं. बऱ्याच वेळाने त्याने मान उचलली.

"एवढ्या उकाड्यात स्वेटर?"

"अहो, थंड देशातली जात ना! सवय असेल त्याला."

"थंडीची सवय आहे, वहिनी. स्वेटरची नाही!"

वहिनी ओशाळल्या. मग हळूच म्हणाल्या, "फोटोपुरता परत घालू? माझ्या साडीला मॅचिंग आहे हो!"

*

कोलाडच्या एका ढाबेवाल्याने राखणीला मांजराएवढं मिनिएचर पिंचर आणलं. मी म्हटलं, "अहो, हे राखणीला?"

"खातो कमी, भुंकतो लय!"

पावसाळ्यानंतर तो एकटाच आला. ढाब्यावर चोरी झाली होती, सिलिंडर गेले होते.

"कुत्रा भुंकला नाही?"

"भुंकला ना! म्हणून तर चोरांनी त्याला पण खिशात घातला!"

*

खाडीकाठच्या गावातला एक तरुण पग घेऊन आला. सोबत वडील, उभा जन्म मिठागरात राबलेले. मी सांगितलं, "पगला उकाडा सोसत नाही, दम लागतो. जपा."

"त्याच्यासाठी एसी लावलाय, मॅडम!"

वडील म्हणाले, "आनी मला सांगतो, पंखा बंद कर, बिल येतं."

"बाबा, त्याची जातच नाजूक हाय."

"व्हय. आमची मिठात मुरलेली!"

*

जिते गावच्या एक आजी घरी एकट्याच. पुण्याच्या मुलाने त्यांना सोबतीला माल्टीज आणून दिलं. पांढरंशुभ्र, लोकरीच्या गुंड्यासारखं. एकदा त्याला जुलाब लागले. आजी त्याला पिशवीत घालून माझ्याकडे आल्या. पिल्लू पार मलूल. मी सलाईन लावलं.

तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला. "आई, कॅमेरा त्याच्याकडे धर. त्याच्याकडे गं! काही खाल्लं का त्याने?"

दुसऱ्या दिवशी सलाईनच्या वेळी पुन्हा कॉल. तिसऱ्या दिवशीही. आजी फोन कुत्र्याकडे धरून उभ्या राहायच्या.

हळूहळू कुत्रं सावरलं आणि टेबलावरून उड्या मारायला बघू लागलं. मी म्हटलं, "आजी, ठणठणीत झालाय. आता यायला नको. मुलाला मीच फोन करून सांगते."

आजींनी माझा हात घट्ट धरला.

"नको गो बाय. अजून थोडा आजारीच हाय म्हन. तवर पोराचा रोज फोन येतो."