ब्रेक बसवायच्या आधी

भंगारातून घेतलेली माझी लांबच्या प्रवासाची सायकल नवे भाग घालून दुरुस्त करणं मला परवडणारं नव्हतं. वेल्ह्याच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या सायकलवाल्या बाबांनी जुनेच भाग जोडून ती उभी केली. नट आवळला की ते सीटवर थाप मारायचे, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

"आदी म्या बसून बगतो," म्हणत त्यांनी धोतर खोचलं आणि उतारावरून सुसाट निघाले.

"बाबा, ब्रेक राहिलेत!" मी ओरडत मागे धावलो.

वळणावर ते भातखाचरात उताणे पडले होते. त्यांना उचलायला मी घाईघाईने खाचरात उतरलो. ते मात्र पोट धरून हसत होते.

"ब्रेक कशाला? चिखल हाय की! ढकला वर, आजून एकदा जाऊ."

दुसऱ्या खेपेला मागच्या कॅरिअरवर मीही बसलो.