सीपीयूचा मखमली झगा

काकूंच्या घरात कव्हर नसलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे काका. बाकी सगळं झाकलेलं. मिक्सरला फ्रॉक, फ्रिजच्या मुठीला मोजा, रिमोटला प्लास्टिक, आणि गॅसच्या सिलिंडरला तर झालरीचा घागरा. वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आलो त्या दिवशी मला वाटलं, या घरात कोणाचं तरी लग्न ठरलेलं दिसतंय.

मी सांगलीकडचा. आमच्याकडची पोरं शाळेला लवकर रामराम ठोकतात आणि सोनं गाळायच्या धंद्यात कुठल्या कुठं जाऊन पडतात. मी नववीत नापास झालो आणि मामाचं बोट धरून रायपूरला आलो. मामाची गलाईची भट्टी होती. जुना दागिना आटवायचा, ॲसिडात घालायचा, चोख सोनं काढायचं. चारच महिन्यांत त्या धुरानं मला असा खोकला लागला की गिऱ्हाईक आपल्या सोन्यापेक्षा माझ्याकडेच काळजीनं बघायला लागलं. मामानं हात जोडले. मग मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागलो. तिथं धूर नव्हता, फक्त मालक होता.

पुढं मला कावीळ झाली. घर दीड दिवसाच्या अंतरावर, आणि आईला कळवलं तर ती येण्याआधीच रडून आजारी पडणार. तेव्हा काकूंनी महिनाभर खालून डबा पाठवला. मुगाची बेचव खिचडी, उसाचा रस, आणि सोबत रोज एक शिवी, की पोट्ट्या, पाणी उकळून पेत जा म्हणून किती वेळा सांगू. भाडेकरूसाठी एवढं कोण करतं? मी मुळातच घाबरट, त्यात उपकाराखाली दबलेला. जिन्यात काकू दिसल्या की मला उगाचच काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

त्यांची दोन लेकरं, मुलगी नववीत आणि मुलगा सहावीत. दोघांना मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीतच येणार. त्यांनी गेमिंग कॉम्प्युटरसाठी घर डोक्यावर घेतलं. काका रेल्वेतले, त्यामुळं कागदावर विश्वास. ते म्हणाले, "दुकानातून बिलवाला घेऊ. वारंटी राहते."

काकू वांगी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घरचा पोट्टा असतांना दुकानात काहून जायचं?"

घरचा! मला ठसका लागला. त्या ठसक्यातच मी "करतो की" म्हणून गेलो. खरी गोष्ट अशी होती की मी बिघडलेली शेकडो यंत्रं उघडली होती, पण पहिल्या स्क्रूपासून नवं असं एकही जुळवलं नव्हतं. हे कुणाला सांगितलं नाही. नववी नापास माणूस आधीच पुष्कळ सांगून बसलेला असतो.

काकांनी जे बजेट सांगितलं त्यात गेमिंग किंवा कॉम्प्युटर, दोन्हीतलं एकच बसत होतं. नवा रायपूरच्या एका हापिसातून मोडीत निघालेला संच मिळवला. ग्राफिक्स कार्ड आणलं बंद पडलेल्या गेम पार्लरमधून. त्या कार्डानं आयुष्यात इतक्या लढाया पाहिल्या होत्या की त्याला पेन्शनच लागू व्हायला हवी होती. पॉवर सप्लाय तेवढा कोरा घेतला. लेकरांचं घर, तिथं जुगार नको. मुलाची मागणी एकच, "भैया, लाइट नहीं जलेगी तो गेमिंग कैसे बोलेंगे?" म्हणून आत रंगीत दिव्यांची पट्टी चिकटवली.

रविवारी सकाळी हॉलमध्ये पेपर पसरून बसलो. सगळं घर भोवती, जसं कुणाचं ऑपरेशन आहे. काका टॉर्च धरून उभे आणि टॉर्च अचूक माझ्या डोळ्यांत. रॅम मुलीनं स्वतः बसवली. बटण दाबताना मी गावाकडच्या सगळ्या देवांना लाच कबूल केली. दिवे लागले, पंखा फिरला, पडदा उजळला. पोरं नाचली. काकूंनी वडाभात केला आणि फोनवर बहिणीला सांगितलं, "हव, अभ्यासासाठी घेतला."

आठ दिवसांनी मुलीचा दुकानात फोन. "भैया, वो बंद हो गया. बीच गेम में."

संध्याकाळी पोचलो, उघडलं, फुंकर मारली, तार हलवली, चालू केलं. तासभर चाललं. दोन दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा गेलो, पुन्हा ठणठणीत. तिसऱ्यांदा प्रोसेसरवरची पेस्ट खरडून नवी लावली आणि समोर दीड तास बसून राहिलो. यंत्र गुणी बाळासारखं चालत राहिलं. मी जिना चढून वर गेलो आणि ते मेलं.

काका एवढंच म्हणाले, "दुकानातला असता तं वापस करता आला असता." काकू पोळ्या लाटत होत्या, त्यांचं लाटणं क्षणभर थांबलं. मला ते थांबणं सहन होईना. बाईनं माझ्यासाठी शब्द टाकला होता. मी चाचरत म्हणालो, "व्होल्टेज असंल." घाबरलेल्या मेकॅनिकचा हा हक्काचा आजार. काही सुचलं नाही की सगळं विजेवर ढकलायचं. घर सोडताना काय काय उचलायचं याची मी मनातल्या मनात यादी केली. बादली, गादी, डबा. डबा तर काकूंचाच होता.

शनिवारी दुपारी तोच डबा परत द्यायला न सांगता खाली गेलो आणि दारातच थबकलो. पोरं खेळत होती. टेबलाखाली सीपीयूच्या जागी एक मरून रंगाचा मखमली झगा उभा होता. जमिनीपर्यंत लांब, गळ्याला जरीची लेस, मागून इलास्टिक. तारांना बाहेर यायला एक काजाएवढं भोक. आत रंगीत दिवे लागून विझत होते, म्हातारीनं लुगड्यात टॉर्च लपवावा तसे. हात लावला. तव्यासारखा तापलेला, वर भाकरी टाकता आली असती.

म्हणजे यंत्राला काही झालं नव्हतं, ते उकडून चक्कर येऊन पडत होतं. मी येणार म्हटलं की काकू झगा उतरवून घडी घालून ठेवायच्या. मी जिना चढलो की पुन्हा नेसवायच्या. तीन वेळा मी तपासला तो अंघोळ करून बसलेला पेशंट.

सांगायचं कसं? ती मखमल मुलीच्या गॅदरिंगच्या ड्रेसमधली, जपून ठेवलेली. तेवढ्यात काका बुटांच्या नाड्या बांधत बाहेर आले. हातात पिशवी.

"कुठं, काका?"

"स्टॅबिलायझर घ्याले जाऊन राहिलो. तूच म्हणला नं, व्होल्टेज."

"काका," मी म्हणालो, "बूट काढा."

मग उभ्या उभ्या सगळं ओकलो. झगा, उष्णता, व्होल्टेजची थाप, आणि एकदा तोंड सुटलंच म्हणून हेही, की मी याआधी एकही कॉम्प्युटर पुरता जुळवलेला नाही. मुलगा म्हणाला, "क्या भैया!" मुलगी खो खो हसत सुटली. काका एका पायात बूट घालून उभे.

स्वयंपाकघरातून सगळं ऐकत आलेल्या काकू हसल्या नाहीत. त्यांनी आधी झगा काढून छातीशी धरला, मग मला धरलं. "अन् हे तू आत्ता सांगून राहिला? खोटं काहून बोलला रे? परक्यासारखा?"

त्यांनी माझा हात धरून खिडकीशी नेलं आणि चौकटीवर बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट. भनपुरीकडच्या कारखान्यांची काजळी, सकाळी पुसा, दुपारी पुन्हा हजर. "झाकलं तं बंद पडते, हव. अन् नाही झाकलं तं हे कोण खाईन? तुझा पंखाच नं?"

त्यांचं खरं होतं. दुकानात रोज अशीच काळी फुप्फुसं साफ करून मी पोट भरत होतो.

"श्वास कुठून घेते हे? दाखव." त्यांनी शिवणाचा खडू माझ्या हातात दिला. मी मखमलीवर खुणा केल्या, पुढून दोन, मागून एक, वर एक. त्यांनी कचाकचा कापलं. दुसऱ्या दिवशी गोल बाजारातून बारीक जाळीचं कापड आणून खिडक्या शिवल्या. त्या दिवसापासून यंत्र एकदाही पडलं नाही. दर रविवारी जाळी धुतली की बादलीतलं पाणी काळं होतं. बाजारात अशी जाळी विकत मिळते, पण तिला लेस नसते.

काका आता पाहुण्यांना सांगतात, "आमच्या घरच्याच पोट्ट्यानं बनवला. नववी नापास आहे." दोन्ही वाक्यं सारख्याच अभिमानानं.

पुढच्या सोमवारी कामाला निघालो तर माझ्या मोटारसायकलच्या सीटवर मरून मखमल ताणून बसवलेली, कडेनं जरीची लेस. वर गॅलरीत काकू कपडे वाळत घालत होत्या, खाली बघतसुद्धा नव्हत्या. दुकानातली पोरं विचारतात, भैया, बारात कब है? पाऊस आला की ते कव्हर भिजतं, आणि दिवसभर माझी पँट मागून ओली राहते. मी ते काढलेलं नाही.