गुरुजींची शाबासकी

वाहिनीच्या स्टुडिओत राजकीय चर्चेसाठी बसलो होतो. बाहेर कुणीतरी भिंत रंगवत होतं. त्या ऑइलपेंटच्या वासानं मन थेट घाटनांदूरला गेलं.

तिथल्या निवडणुकीत मी पहिल्यांदाच एका उमेदवाराचा प्रचार सांभाळत होतो. विरोधी उमेदवार होते मला शाळेत शिकवणारे गुरुजी. मी घोषणा रचली, 'मास्तर थकला, विकास हुकला.' पेंटर ती भिंतीवर लिहीत असतानाच गुरुजी तिथं आले. त्यांनी ती सावकाश वाचली.

"तूच लिवलंस न्हवं?"

"हो, गुरुजी."

"यमक लई चांगलं जमलंय, बाबा," म्हणत ते हसले.

आम्ही जिंकलो. ती शाबासकी मी वर्षानुवर्षं मुलाखतींतून ऐटीत सांगत आलो. आज मात्र कॅमेरा सुरू होताना त्या हसण्यानंतरचं आठवलं. गुरुजींच्या हातात प्रचाराची पत्रकं होती, आणि पुढच्या घरांत ती न वाटताच ते माघारी वळले होते.