कार्डांना सुईने विचारलेला प्रश्न
"ओ निगेटिव्ह! आणि राहणारा लोणावळ्यातलाच हवा!" डॉक्टर असे गरजले की खंडाळ्याच्या घाटातलं इंजिन चार पावलं मागे सरकलं असेल. बेडशाची बाळंतीण रक्त जाऊन चुन्यासारखी पांढरी पडली होती, आणि मी लोणावळ्याच्या त्या दवाखान्याचा नवा कारकून, रक्त देणाऱ्यांच्या कार्डांचं खोकं घेऊन घामाघूम. प्रत्येक कार्डाच्या कडेला भोकं, प्रत्येक रक्तगटाचं वेगळं, प्रत्येक गावाचं वेगळं. जे लागू असेल ते भोक कडेपर्यंत कापलेलं, त्यामुळे भोकांतून लांब सुई घालून गठ्ठा उचलला की हवी तेवढीच कार्डं गळून पडत. मी ओ निगेटिव्हच्या भोकात सुई घातली, मूठभर पडली, ती टेबलावर ठेवली. मग उरलेल्या खोक्यात गावाची सुई घातली, तर अख्खं लोणावळा डेटॉलच्या फरशीवर! "आवं भाऊ, मानूस गावंल का न्हाई?" बाळंतिणीची सासू रडू लागली. तेवढ्यात मेट्रनबाई आल्या. "दोन्ही गोष्टी एकाच माणसात हव्यात ना? मग टेबलावरच्या तेवढ्यांनाच दुसरी सुई लावा." लावली. एकच कार्ड पडलं, रेल्वेतल्या एका फिटरचं. तो धावत आला, बाई जगली. आता संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत माणूस शोधतात म्हणे, पण त्या एका कार्डाच्या आवाजाने माझ्या अंगावर आलेला काटा अजून बसलेला नाही. तेव्हा मी हातच जोडले, "बाई, या खोक्यात देव आहे!" "खोक्यात पुठ्ठा आहे," त्या म्हणाल्या, "फरशीवरची कार्डं उचला."