ट्रेव्हरच्या बिअरवरची साय

केलीव्हिलच्या ट्रेव्हर तुस्कानोच्या घरात जंतूंबद्दल कळणारं माणूस एकच होतं, त्याची बायको ऑड्री. बारा वर्षं ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज जंतू वाढवते आणि ते कोणते आहेत ते ओळखते. त्यामुळे गॅरेजमधली बिअर बिघडली की नाही हे ट्रेव्हर तिला सोडून जगातल्या बाकी सगळ्यांना विचारायचा.

ट्रेव्हर मूळचा वसईचा, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार मिळत असल्यामुळे आपलीही चूक होऊ शकते हा विचार त्याला फारसा शिवला नव्हता. पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला त्याच्या मुलीने, एमिलीने, त्याला बिअर बनवायचं किट दिलं. खाली नळ असलेली मोठी प्लास्टिकची बादली, मॉल्टचा डबा आणि यीस्टची पुडी.

पहिली बिअर तिसऱ्या दिवशी फसफसून वर आली. फेसावर तपकिरी डाग दिसले. ट्रेव्हरने फोटो काढून इंटरनेटवरच्या एका ग्रुपमध्ये टाकला. कुठल्याशा बर्फाळ गावच्या, टोपणनावाच्या गृहस्थाने तिथून निदान केलं : इन्फेक्शन, फेकून दे.

ऑड्रीने वाकून पाहिलं. "अरे, हा यीस्टचाच फेस आहे. दोन दिवसांत खाली बसेल."

"तुझं रक्त-लघवीचं वेगळं, ऑड्री. हे ब्रूइंग आहे."

तेवीस लिटर उत्तम बिअर लिंबाच्या झाडाला मिळाली. झाडाने तक्रार केली नाही.

दुसरी बिअर लागर प्रकारची होती. सहाव्या दिवशी गॅरेजमध्ये सडक्या अंड्यांचा वास सुटला.

"लागरचं यीस्ट असा वास सोडतं, उडून जाईल," ऑड्री म्हणाली. "घोटभर चाखून तरी बघ. आंबट लागली तर फेक."

जीव धोक्यात घालण्याइतका ट्रेव्हर वेडा नव्हता. त्याने न चाखताच बादली ओतली. एमिली दारातून म्हणाली, "डॅड, मम डझ धिस फॉर अ लिव्हिंग." पण दोन बादल्या ओतलेल्या माणसाला अनुभवी म्हणतात, असा त्याचा समज झाला होता.

जानेवारीत तिसरी लावली, तेव्हा घाबरायचं नाही असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. दहाव्या दिवशी बिअरवर पांढरी, सुरकुतलेली, दुधावर येते तशी साय धरली. खाली मोठमोठे बुडबुडे अडकलेले. वास आंबूस.

ऑड्रीने टॉर्च मारून बघितलं. "ही मात्र गेली. नळ खोलून धुतला होतास?"

"बाहेरून चकाचक केला होता."

"आत जुना गाळ राहिला असणार. ओतून दे."

"मी घाबरलो की तू म्हणतेस चांगली आहे, आणि मी शांत आहे तर म्हणतेस गेली!" ट्रेव्हर हसला. त्याने साय बाजूला सारून अठ्ठावीस बाटल्या भरल्या आणि त्यातली एक बाटली स्थानिक ब्रूइंग क्लबच्या स्पर्धेत नेली.

शनिवारच्या आर्व्होला, म्हणजे तिकडच्या भाषेत दुपारी, हॉल भरला होता. परीक्षक ल्यूक हा निवृत्त प्लंबर. त्याने झाकण उघडलं आणि बिअर थेट त्याच्या शर्टावर उडाली. बाटलीत उरलेली त्याने सभ्यपणे चाखली. "मेट," तो म्हणाला, "चिप्सवर व्हिनेगर म्हणून घालायला मस्त आहे."

लोक हसले. ट्रेव्हरचे कान लाल झाले. ऑड्री हसली नाही. ल्यूकला टिश्यू देऊन ती हळूच म्हणाली, "चल घरी. उरलेल्या फ्रिजमध्ये ठेवायला हव्यात, फुटतील."

घरी पोचेपर्यंत चार फुटल्या होत्या. काचा झाडता झाडता ट्रेव्हरने खाली बघूनच विचारलं, "ओळखायचं कसं गं?"

"फेस आणि त्या अंड्यांसारखा गंधकाचा वास चालतो. वर साय, केसाळ बुरशी किंवा व्हिनेगरची चव आली की संपलं." एवढंच. त्यासाठी त्याने पाच महिने घेतले होते.

पुढच्या वेळी नळ ऑड्रीसमोर सुटा करून धुतला गेला. बिअर बरी झाली, अगदी दुकानातल्यासारखी नाही, पण दोघांनी तळलेल्या बोंबलांबरोबर संपवली. नंतर ल्यूकने क्लबमध्ये जंतूंवर बोलायला ऑड्रीला बोलावलं. ट्रेव्हर पहिल्या रांगेत बसला होता आणि शेजारच्याला सांगत होता, "ब्रूइंगमध्ये हिला मीच आणलं."