फाट्यावर दिलेला डबा

आमच्या यांची दोन कामं. सकाळी पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचे आणि दुपारी रोह्याच्या कंपनीत कंत्राटी शिफ्ट. डोळे आखणाऱ्यांचा एक नेम आहे, एक डोळा काढून कोणी उठत नाही. जोडी पुरी करायचीच, मग बस चुकली तरी चालेल. त्या दिवशी चुकलीच. हे कुणाची तरी मोटारसायकल मागून निघाले.

मी नेहमीसारखी हायवेला, आमच्या गावाच्या फाट्यावर डबा घेऊन उभी. म्हटलं, "अवो, घरी येऊन दोन घास खा की!"

"येळ नाय गो," म्हणाले आणि डबा हँडलला अडकवून गेले. कोलाडच्या अलीकडे टेम्पोने उडवलं. जीव वाचला, पण उजवा हात मनगटापासून गेला. डोळे आखायचा हात.

कंपनीने भरपाईतून अंग झटकलं. अपघात गेटबाहेरचा, म्हणे! आमचे वकील मात्र म्हणाले, आता कायदा बदललाय, घरून कामावर जाताना झालेला अपघातही भरपाईत धरतात. मला तेवढं 'घरून' ऐकू आलं. हे घरी आलेच कुठे होते?

कामगार कोर्टात सुनावणीला जजसाहेबांनी मला विचारलं, "त्या दिवशी तुमचे यजमान घरी आले होते?"

मी धडधडीत बोलले, "व्हय साहेब. जेवले, पाणी प्यायले, मगच निघाले." मला कुणी शिकवलं नव्हतं. माझीच अक्कल मेली!

कंपनीच्या वकिलाने यांचा जबाब पुढे केला. हॉस्पिटलात पडल्या पडल्या यांनी सगळं खरं सांगून टाकलं होतं. कारखान्यातून निघालो, घरी गेलो नाय, बायकोने फाट्यावर डबा दिला.

बाहेर आल्यावर आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. "ताई, फाट्यावर डबा दिला एवढंच सांगायचं होतं. घराजवळून जेवण घेऊन कामावरच चालले होते, यावर लढलो असतो. आता साहेब तुमचं काय खरं धरणार?" अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

निकाल अजून लागायचाय. एसटीत यांनी माझ्यासाठी खिडकीची जागा धरली. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

डाव्या हाताने यांना अजून जेवता येत नाही. घरी येऊन मी भरवायला बसले, तेव्हा म्हणाले, "त्या दिवशी जेवूनच जायला पायजे होतं गो. तुला खोटं बोलायला लागलं नसतं."