मनकर्णाबाईची बागेतली खोली

जायकवाडीच्या पाण्यात शेत गेलं तेव्हा बन्सी आणि मनकर्णाबाई पैठणकडून मुकुंदवाडीला आले. स्टेशनाच्या अलीकडं दोन खोल्या बांधल्या. बन्सी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागला. घरामागं थोडी जागा होती, तिथं मनकर्णाबाईनं सीताफळ, शेवगा, मोगरा लावला. शेत गेलेल्या बाईला तेवढीच माती उरली होती. ती तिनं वीतभरही रिकामी ठेवली नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा बद्रीनाथ जालना रोडवर ट्रकखाली गेला. लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं. मनकर्णाबाई रडली नाही. बाया येत, गळ्यात पडत, तेव्हा तीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसे. चहा दिला की प्यायची, ताट वाढलं की जेवायची. भाजीत मीठ पडलंय की नाही हे तिला कळत नसे.

तेरावा होऊन गेला तरी घरातली माणसं कमी होईनात. बन्सीचे थोरले भाऊ नानासाहेब मुक्कामालाच राहिले होते. भेटायला येणाऱ्यांची रीघ चालूच होती. सून सरू स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पोतं टाकून बसे. येणारा-जाणारा तिच्याकडं बघून हळहळे.

बन्सीला बोलणं जमत नसे. त्यानं कारखान्यातून रजा काढली, विटा आणल्या आणि सीताफळापाशी खोली बांधायला घेतली. घरात अशी वेळ आलेली असताना बांधकाम कसलं काढलं, असं नानासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले. बन्सी विटा रचत राहिला. कमरेएवढी भिंत, वर लाकडी पट्ट्यांची जाळी, त्यावर पत्रा. आत बाज टाकली आणि तो बायकोला म्हणाला, "इथं बसत जा."

बस म्हणाला म्हणून ती बसायला लागली. जाळीतून वारा यायचा. भेटायला आलेल्यांना ती अडगळीची खोली वाटायची, त्यामुळं तिकडं कुणी फिरकत नसे. शेंगा सोलायच्या, तांदूळ निवडायचे, काही नसलं तर नुसतं बसायचं. पुढं सरूही यायला लागली. आधी केस विंचरायला, कारण घरात तेही कुणीतरी बघायचं. मग दुपारी ती तिथंच जमिनीवर गाढ झोपून जाई. घरात तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. सासू-सुना महिनोन्‌महिने तशा शेजारी शेजारी राहिल्या, फार न बोलता.

वर्ष सरलं. सरूच्या वडलांनी एक स्थळ आणलं. वैजापूरचा सांडू, बाजार समितीत मापाडी, पहिली बायको आजारात गेलेली. नानासाहेब पुन्हा आले आणि पुढच्या खोलीत बसून त्यांनी साफ सांगितलं की आपल्यात विधवेचा पाट लावत नाहीत, ती या घरची सून आहे आणि इथंच राहील. सरूला कुणी विचारलं नाही.

मनकर्णाबाईनं तिला मागच्या खोलीत नेलं.

"आत्याबाई, मी गेले तर तुम्हाला कोन हाय?" सरू म्हणाली.

"माझं राहू दे. तुला जायचंय का, तेवढं सांग."

सरूनं मोगऱ्याकडं पाहिलं. मग "व्हय" म्हणाली आणि लगेच तोंडाला पदर लावला.

आता आत कुठंतरी दुखेल म्हणून मनकर्णाबाई थांबली. काही दुखलं नाही. मग आता हे पुरुषांना सांगायला पाहिजे, एवढंच तिच्या मनात आलं. ती उठली.

नानासाहेब तिचे भाया, थोरले दीर. लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर तिनं तोंड उघडलं नव्हतं. डोक्यावरचा पदर सारखा करून ती दारात उभी राहिली.

"सरूचा पाट लावायचाय. आमच्याच दारात लावू."

नानासाहेबांनी भावाकडं पाहिलं. बन्सी आपल्या पायांकडं बघत होता. "ती म्हणती तसंच व्हईल," तो म्हणाला.

नानासाहेब चहा न घेता उठले. त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांनी त्या घराची पायरी चढली नाही.

पाट मागच्या बागेतच लागला. खोलीत मनकर्णाबाईनं स्वतः सरूची वेणी घातली, हातात हिरव्या बांगड्या चढवल्या. निघताना सरू तिच्या गळ्यात पडून रडली. मनकर्णाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सगळे गेल्यावर तिनं खोली झाडली आणि बाजेवर आडवी झाली.

सरू बाळंतपणाला माहेरी गेली नाही, मुकुंदवाडीला आली. बाळंतिणीची बाज त्याच खोलीत पडली. जाळीला गोधड्या बांधल्या, शेगडी ठेवली. सरू गेल्यावरही खोली रिकामी राहिली नाही. गल्लीतली आवडाबाई नवऱ्याशी भांडण झालं की येऊन बसे. कुणाची लेक सासरहून चिडून आली तर तिथं टेकायची. मनकर्णाबाई कुणाला काही विचारत नसे. पाण्याचा तांब्या ठेवायची आणि आपलं निवडणं-टिपणं करत राहायची.

त्या बाळंतपणात, एका सकाळी, सरू मुलीला तेल लावत होती. मनकर्णाबाई एकदम म्हणाली, "सरू, मला अजून कायच वाटत नाय गं. बद्रीचं पण नाय, अन्‌ हिचं पण नाय."

सरूचे हात थांबले नाहीत. ती म्हणाली, "नसू द्या. हिला जरा धरा, पाणी तापलंय."

मनकर्णाबाईनं पाय लांब केले आणि तेलकट पोर घसरू नये म्हणून दोन्ही हातांनी नीट धरली.